न सापडलेल्या खुणेचे प्रामाण्य

डोके व मान यांच्या कर्करोगाचे निदान झाले की, रुग्ण बेंगळुरूच्या किदवई संस्थेतला असो वा मुंबईच्या टाटा रुग्णालयातला, नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘पसरला तर नाही ना?’ प्रश्न वैद्यकाचा खरा. परंतु जे दिसत नाही त्याविषयी ‘नाही’ असे केव्हा म्हणावे, हा त्याचा गाभा प्रमाणशास्त्राचा, म्हणजे ज्ञानाची साधने तपासणाऱ्या विचाराचा आहे.

टॉन्सिल आणि जिभेचे मूळ येथील काही कर्करोग मानवी पॅपिलोमा विषाणूच्या, विशेषतः त्याच्या १६ क्रमांकाच्या प्रकाराच्या, संसर्गातून उद्भवतात. या विषाणूची ई६ व ई७ ही जनुके जी प्रथिने घडवतात, ती पेशींच्या वाढीला आवर घालणाऱ्या पी५३ व आरबी या प्रथिनांना निकामी करतात. रोगट पेशी मानेतील लसिकाग्रंथीत शिरली की ही जनुकेही तिच्याबरोबर जातात. त्यामुळे सूक्ष्मदर्शकातून निसटणाऱ्या मोजक्या पेशींचा मागही पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या नेमक्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तंत्राने, लागू शकतो. तरीही खूण सापडणे म्हणजे रोग सापडणे नव्हे: नाकामागील घशाच्या कर्करोगाशी निगडित असलेला एपस्टाइन-बार विषाणू बहुतेक निरोगी प्रौढांच्या पांढऱ्या पेशींतही सुप्त असतो. नैयायिक ज्याला व्याप्ती म्हणतात, ते खूण आणि खुणेने दर्शवलेली वस्तू यांचे अव्यभिचारी साहचर्य येथे आधी सिद्ध करावे लागते.

खूण न सापडण्याचा प्रश्न त्याहून बिकट आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धीला, म्हणजे न आढळण्याला, स्वतंत्र प्रमाण मानतात, पण एका अटीवर: वस्तू असती तर ती आढळलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात घडा दिसला नाही तर घडा नाही असे म्हणता येते, अंधारात नाही. भारतात डोके व मान यांच्या कर्करोगांपैकी बहुतेकांच्या मुळाशी तंबाखू व सुपारी असून अशा गाठींत बहुधा पॅपिलोमा विषाणू नसतोच. तेव्हा ग्रंथीत तो न आढळल्याने रोग पसरला नाही असे मुळीच ठरत नाही. मूळ गाठीत विषाणू सिद्ध झाला असेल, तरच ग्रंथीतील त्याच्या अभावाला वजन येते, आणि तेही तपासलेल्या तुकड्यापुरतेच.

हा भेद रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगणे हे वैद्याचे कर्तव्य आहे; कारण अपात्र कसोटीच्या नकारावर उभा केलेला दिलासा करुणेपोटी दिला तरी असत्यच ठरतो, आणि त्यावर विसंबून उपचार टळले तर त्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.