परोपकाराची वेळ

परोपकार करावा की नाही, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. प्रश्न आहे तो फक्त वेळेचा.

साताऱ्याहून सांगलीला बदली झाली तेव्हापासून मी इथल्या एका समाजसेवी मंडळाचा खजिनदार आहे. सुतार दिसला की लोकांना मोडकी खुर्ची आठवते, तसा बँकेतला कारकून दिसला की रिकामी तिजोरी आठवते. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही जमतो. विश्वबंधुत्व, पर्यावरण आणि कांदेपोहे असा साधारण कार्यक्रम. पहिल्या दोन विषयांवर लगेच एकमत होते. मतभेद होतात ते पोह्यांतल्या मिठावरून. मागच्या सभेत ‘समाजातील शेवटच्या माणसापर्यंत पोहोचण्याचा’ ठराव झाला. अनुमोदन माझे.

दुसऱ्याच दिवशी शेवटचा माणूस माझ्या खिडकीशी आला. म्हणजे आली. साठीची बाई, रांगेतही शेवटचीच. दोन वाजायला पाच मिनिटे होती.

“सायेब, खातं काढायचंय.”

मी घड्याळाकडे पाहिले, डब्याकडे पाहिले. “मावशी, उद्या या. फोटो आणि आधार कार्ड घेऊन.”

तिने पिशवीतून दोन्ही काढून दाखवले. तेव्हा मला सर्व्हर आठवला. “सर्व्हर बंद आहे.”

“बरं,” म्हणून ती गेली. भांडली असती तर बरे झाले असते. सर्व्हर चालू होता.

रात्री हा किस्सा हिला हसत हसत सांगितला. ही हसली नाही. हिचे माहेर म्हसवडचे, माण तालुक्यातले.

“अहो, आमच्याकडच्या बायकांना बँक का काढावी लागली, ठाऊक आहे ना?”

ठाऊक होते. रस्त्याकडेला राहणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी ताडपत्री घ्यायला पैसे साठवायचे होते. रक्कम फार लहान म्हणून बँकांनी तिचे खाते काढले नाही. तेव्हा चेतना सिन्हांनी बायकांचीच बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जदारांत निरक्षर बायका होत्या. त्या अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या की कुठल्याही मुद्दलाचे व्याज विचारा. तुमच्या साहेबांनी कॅल्क्युलेटर न घेता करावे, बघू कोण आधी सांगते ते! 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे, बँकेत यायचे तर दिवसाचा रोज बुडतो, असे बायका म्हणाल्या; तेव्हा बँकच त्यांच्या दारात जाऊ लागली.

म्हणजे माझ्या ‘उद्या या’ची किंमत एक रोज होती. पंचवीस वर्षे मी व्याज मोजतो आहे, हा हिशेब कधी केला नव्हता.

तुम्ही म्हणाल, एवढ्याने माणूस वाईट ठरतो का? मीही तेच म्हणत होतो. रविवारी मी चांगलाच असतो. पण रविवारी समोर असते ती मानवजात, आणि मानवजात कधी दोनला पाच कमी असताना पदराची गाठ सोडत नाही. चांगुलपणाची परीक्षा सभागृहात होते की खिडकीशी, एवढाच माझा प्रश्न आहे. उत्तर कळते, म्हणून झोप येत नाही.

मंगळवारी मी डबा उघडला नाही. अडीचपर्यंत खिडकीत बसलो. ती आली नाही. बुधवारीही नाही.

येत्या रविवारी ठरावाच्या अंमलबजावणीचा अहवाल द्यायचा आहे. तो खजिनदाराने द्यावा, असे एकमताने ठरले आहे.