दाराशी कोण अडविले आणि आत कोण बसले?

सभोवतालच्या समाजाच्या चालीरीतींपैकी ख्रिस्ती मंडळीने काय ठेवावे व काय टाकावे, हा प्रश्न आमच्या खेड्यांतील बंधुभगिनींस वारंवार पडतो. लग्नात हळद लावावी काय? भजनास टाळमृदंग चालेल काय? शेजाऱ्याने जत्रेतला प्रसाद प्रेमाने आणून दिला, तर तो घ्यावा काय? ह्या प्रश्नांची कोणी थट्टा करू नये. ज्याने मूर्तिपूजा सोडताना भावकीचा रोष सोसला, त्यास त्या जुन्या वाटेचे भय वाटावे हे स्वाभाविकच आहे.

गेल्या वैशाखात एका मंडळीच्या पंचांच्या सभेस आम्ही हजर होतो. लग्नात हळद व मृदंग असावा की नसावा, ह्यावर दोन तास वाद झाला. दोन्ही बाजूंनी शास्त्रवचने काढली गेली, व शेवटी दोहोंसही मनाई झाली. मग दुसरा विषय निघाला. एका तरुण उपदेशकाने त्याच मंडळीतील एका सुशील व शिकलेल्या मुलीस मागणी घातली होती. परंतु तिचे घराणे पूर्वीच्या दुसऱ्या जातीचे. “हे आपल्याकडे व्हायचे नाही,” एवढेच एक वृद्ध पंच बोलले आणि विषय संपला. त्यावर कोणी शास्त्र उघडले नाही. खेदाने सांगावे लागते की, आम्हीही उघडले नाही. परत येताना वाटेत आमच्या मनास टोचणी लागली. हळदीस आपण दाराशी अडविले. जात मात्र आधीच आत येऊन बसली होती, तिला कोणी ऊठ म्हटले नाही.

वाचकहो, अंत्युखियाच्या मंडळीत हेच घडले होते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय काढून पाहा. पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीस बसून जेवत असे; पण याकोबाकडून काही माणसे आली, तेव्हा त्यांच्या भयाने तो मागे सरला व वेगळा राहू लागला. बर्णबासारखा भला मनुष्यही त्या ढोंगात ओढला गेला. तेव्हा पौलाने सर्वांच्या देखत पेत्राचा दोष त्याच्या पदरी घातला. आता हाच पौल करिंथकरांस काय सांगतो? बाजारात विकावयास असलेले मांस चौकशी न करता खा; परंतु दुर्बळ भावास अडखळण होत असेल तर ते सोडा; आणि प्रभूच्या मेजावर बसून मूर्तीच्या मेजाचे भागीदार होऊ नका. खाण्यापिण्याच्या बाबतीत इतके तोलून बोलणारा पौल पंगतीतला भेद मात्र क्षणभरही खपवून घेत नाही.

ह्यावरून आम्हांस असे दिसते की, कोणत्याही चालीस दोन प्रश्न विचारावे. हिच्यामुळे देवाचा मान दुसऱ्या कोणास दिला जातो काय? हिच्यामुळे देवाने निर्माण केलेला मनुष्य हलका लेखला जातो काय? एकाचेही उत्तर ‘होय’ आले, तर ती चाल कितीही जुनी व गोड असो, टाकावी. दोहोंचे उत्तर ‘नाही’ आले, तर ती केवळ आपल्या देशाची आहे म्हणून टाकू नये. दुर्बळ भावाकरिता मात्र ती प्रीतीने बाजूस ठेवावी.

आपल्या वडिलांनी ह्या वाटेने चालून दाखविले आहे. रोमन कॅथलिक पंथाचे फादर स्टीफन्स हे जातीने इंग्रज. त्यांनी गोव्यात राहून ख्रिस्तपुराण मराठी ओवीत रचिले व ते १६१६ साली छापले गेले. कृष्णराव सांगळे ह्यांनी कीर्तनाच्या द्वारे सुवार्ता सांगितली. नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांनी अभंग व भजन ख्रिस्ताच्या चरणी आणिले, आणि त्यांची पदे आजही आपल्या उपासनेत गायिली जातात. जन्माने ब्राह्मण असलेल्या त्या पुरुषाने ओवी ठेविली, अभंग ठेविला; जातीचा अभिमान तेवढा टाकिला. आपण उलट करीत नाही ना? मृदंग बाहेर आणि जात आत, असे आपल्या मंदिरात झाले, तर शेजारी पाहणारा हिंदू बंधू काय समजेल? ह्यांनी गाणे बदलले, मन बदलले नाही, असेच तो म्हणेल; आणि त्यास उत्तर देणे आपणांस जड जाईल.

त्या मंडळीच्या पुढील सभेत तो दुसरा विषय पुन्हा काढावयाचा, असे आम्ही ठरविले आहे. पंच रागावतील, हे आम्ही जाणून आहो. त्या वृद्ध गृहस्थांनी विश्वासाकरिता जे सोसले त्याच्या निम्मेही आम्ही सोसलेले नाही, म्हणून बोलताना जीभ अडखळेलही. परंतु पौलासमोर तर प्रत्यक्ष पेत्र होता. उपदेशक बंधूंनो, आपापल्या मंडळीत दाराशी कोणास अडविले आहे, हे पाहण्याआधी आत कोण बसले आहे ते पाहा. आणि आमच्याकरिताही प्रार्थना करा.