उत्तर बरोबर, कारण खोटं

वह्या मिटा. आता कोणी काही उतरवून घ्यायचं नाही, नुसतं ऐकायचं.

‘अग्नी सजीव की निर्जीव? सकारण लिहा,’ एवढाच प्रश्न होता. जवळजवळ सगळ्यांनी लिहिलंत, ‘निर्जीव, कारण अग्नी अन्न घेत नाही, श्वसन करत नाही, वाढत नाही.’ ‘श्वसन’ लिहितानाची चूकसुद्धा बाकामागून बाक तीच. निर्जीव हे उत्तर बरोबर आहे, तरी मी त्याला एकही गुण दिलेला नाही आणि देणारही नाही. पुढं जी कारणं लिहिलीत ती धडधडीत खोटी आहेत. आणि ती खोटी आहेत हे या वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, याचा मला जास्त राग आलाय.

तलासरीकडची मुलं, उभी राहा. उन्हाळ्यात घरच्यांबरोबर राब भाजता ना? खाली शेण, त्यावर तोडलेल्या फांद्या आणि पाला, मग गवत, वरून मातीचा पातळ थर. पेटवताना वारा बघायचा आणि आग वाऱ्याच्या उलट सरकेल अशी लावायची. मग ती भडकत नाही, सावकाश पुढं जाते, जमीन नीट तापते आणि तणाचं बी जळतं. ही आग अन्न घेत नाही? पाला संपला की ती तिथंच थांबते, हे तुम्ही पाहिलेलं नाही? एक ठिणगी पलीकडच्या वाळक्या गवतात पडली की दुसरी आग उभी राहते, म्हणून तर मोठी माणसं हिरवा डहाळा हातात धरून बांधावर उभी असतात. खाते, वाढते, एकीची दुसरी होते. वाढवण-वरोरच्या मुलांनी चुलीत फुंकणीनं फुंकलंय. काय घातलंत आत? ऑक्सिजनच ना? मग ‘श्वसन करत नाही’ हे कुठल्या तोंडानं लिहिलंत?

लव्हॉझिए आणि लाप्लास या दोन शास्त्रज्ञांनी १७८३ साली एक प्रयोग जाहीर केला. बर्फानं वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवला आणि त्याच्या अंगातल्या उष्णतेनं किती बर्फ वितळला ते मोजलं. मग कोळसा जाळून वितळलेल्या बर्फाशी आणि दोन्हीकडून निघालेल्या वायूशी त्याचा हिशेब ताडून पाहिला. श्वसन म्हणजे मंद ज्वलन, असा निष्कर्ष त्यांनी काढला. साखर चुलीत टाका की पोटात, शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणीच उरतं. फरक इतकाच की पेशी ते काम विकरांच्या मदतीनं पायरीपायरीनं करते, ऊर्जा साठवून ठेवते आणि अंग भाजू देत नाही. तुमची छाती आणि तुमची चूल इतकी जवळची नातलग आहेत. तुम्ही एका ओळीत ते नातं तोडून टाकलंत.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मी विसरणार नाही. सोमवारी तिसऱ्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, ‘बाई, मग आग जिवंत का नाही?’ तुम्ही हसलात. मागचे तर बाक वाजवून हसलात. या वर्गात त्या दिवशी विज्ञानाचा विचार एकटीनं केला होता आणि तिला मान खाली घालून बसावं लागलं. पुन्हा असं झालं तर हसणारा बाहेर उभा राहील आणि त्याचे पालक इथं येतील.

तिच्या प्रश्नाचं उत्तर सोपं नाही. आधी श्रद्धेची बाजू बघू. बोर्डीच्या मागं बारडाचा डोंगर आहे, त्यावर बहारोटची लेणी आहेत. संजाण शत्रूच्या हाती पडल्यावर तिथल्या पारशी लोकांनी आपला पवित्र अग्नी इराणशाह तिथं नेला आणि बारा वर्षं लपवून जपला, असं ‘किस्सा-ए-संजान’ हे त्यांचं जुनं काव्य सांगतं. पुढं वांसदा, नवसारी असा प्रवास करत तो १७४२ मध्ये उदवाड्याला पोचला. आजही त्याला चंदन वाहतात, त्याला राजा मानतात. घोलवडच्या वाड्यांमधल्या पारशी-इराणी घरांत त्याचं नाव अदबीनं घेतात, तुम्हीही तसंच घ्यायचं. श्रद्धेनं कोणी अग्नीला जिवंत म्हटलं तर ते तपासायला आपण बसलेलो नाही. आपण जीवशास्त्राच्या तासाला बसलोय, आणि इथला प्रश्न वेगळा आहे.

इराणशाहसारख्या सर्वांत वरच्या दर्जाच्या पवित्र अग्नीला आतशबेहराम म्हणतात; तो सोळा ठिकाणच्या अग्नींतून सिद्ध करतात. त्यात कुंभाराच्या भट्टीचा असतो, सोनाराचा असतो, वीज पडून पेटलेलाही असतो. ते एकत्र आले की त्या ज्वाळेत विजेचा भाग कोणता आणि भट्टीचा कोणता, हे कुठल्याही यंत्रानं वेगळं काढता येणार नाही. आता वाडीतला चिकू बघा. खिरणीच्या खुंटावर कालीपत्तीचं कलम बांधतात. मुळं खिरणीची, त्यांनी ओढलेलं पाणी खिरणीच्या खोडातून वर येतं, आणि तरी फांदीला चिकू कालीपत्तीचाच लागतो. कारण त्या फांदीच्या पेशीपेशीत आपण कोण हे लिहिलेलं आहे आणि ते पुढच्या पेशीला जसंच्या तसं दिलं जातं. आगीत असं काही लिहिलेलं नसतं. गोवरीवरून नारळाच्या सोडणाला लावलीत की ती सोडणाची आग होते, गोवरीचं तिच्याबरोबर काही येत नाही. तिला पेशी नाही, तिला आनुवंशिकता नाही. हे कारण आहे.

कोणी म्हणेल, राखेखाली निखारा रात्रभर राहतो, बियाण्यासारखा. म्हणा, चांगली शंका आहे. पण कणगीतलं भात रुजलं की भातच होतं. निखाऱ्याचं काय होणार, ते सकाळी तुम्ही त्यावर काय ठेवता त्यावर ठरतं. आणि विषाणू? त्याला पेशी नाही, श्वसन नाही. १९३५ मध्ये स्टॅन्ली यांनी तंबाखूवरच्या विषाणूचे मिठासारखे स्फटिक मिळवले. पण त्याच्याजवळ वारसा आहे, तो बदलत जातो, म्हणून त्याला कुठं बसवायचं यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. तुम्ही ज्या प्रश्नाला हसलात तो त्याच घरचा आहे.

‘कारण’ म्हणजे काय, हे तुम्हाला बाहेरून शिकवावं लागू नये. १९९८ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या डहाणू पर्यावरण प्राधिकरणानं वाढवण बंदराला नकार दिला, तो कारणं लिहून. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणानं परवानगी दिली, तीही कारणं लिहून. म्हणून तर तुमच्यातल्या कित्येकांचे आईवडील त्या कागदातल्या एकेका कारणावर बोट ठेवून भांडू शकतात. नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहिलं असतं तर ते कशाशी भांडले असते? त्यांची मुलं तुम्ही, आणि शेजाऱ्याच्या वहीतलं कारण न वाचता उतरवता.

आज घरी चुलीसमोर बसायचं. चूल नसेल त्यानं मोठ्या माणसाला जवळ बसवून मेणबत्ती लावायची, तिच्यावर काचेचा पेला उपडा ठेवायचा आणि काय होतं ते बघायचं. सजीवाचं कोणतं लक्षण आगीत दिसतं, कोणतं नुसतं दिसल्यासारखं वाटतं, कोणतं मुळीच नाही, हे स्वतःच्या शब्दांत एक पान लिहून आणायचं. दोन वह्यांत एक वाक्य सारखं सापडलं तर दोन्ही परत. आणि बाक वाजवणारे तिघं, उद्या तुमचं पान आधी तिसऱ्या बाकावर दाखवा. तिनं शंका विचारली तर उत्तर द्या, मग माझ्याकडं या.