साहेब शिकवणी लावतो तेव्हा

वेहेरगावच्या पायऱ्या चढून कार्ल्याला जाणाऱ्यांतले बहुतेक जण एकवीरा आईच्या दर्शनाला आलेले असतात. शेजारच्या चैत्यगृहात खांबांवर कोरलेल्या अक्षरांकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यात दोष कसला? ब्राह्मी लिपी आज किती जणांना येते? १८३४ साली तर ती धडपणे कुणालाच येत नव्हती. त्या साली जॉन स्टीव्हन्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने कार्ल्याच्या काही लेखांचं आपल्या परीने वाचन करून ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. अलाहाबादच्या स्तंभावरचा समुद्रगुप्ताचा लेख नुकताच उजेडात आला होता. त्यातल्या अक्षरांशी कार्ल्याची अक्षरं ताडून पाहायची आणि साम्य दिसेल तिथे अंदाज बांधायचा, अशी त्यांची रीत. साधारण तीन अंदाजांतला एक बरोबर निघाला, बाकीचे चुकले. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचा उलगडा केला आणि स्टीव्हन्सन यांचा प्रयत्न तळटीपेत जाऊन बसला.

स्टीव्हन्सन लेणी वाचायला आलेच नव्हते. ते आले होते ख्रिस्ताचा निरोप सांगायला. त्यासाठी मराठी शिकले आणि १८३३ मध्ये मराठीचं व्याकरणही लिहून मोकळे झाले. निरोप सांगायला आलेला माणूस असा विद्यार्थी होऊन बसतो, ही गोष्ट आपण पुरेशी लक्षात घेतलेली नाही. मिशनरी म्हटलं की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एका सुरात ते मराठी गद्याचे उपकारकर्ते असतात, दुसऱ्यात नुसते बाटवे. दोन्हीला आधार आहे. पण त्या सगळ्या काळात सत्ता, पैसा आणि छापखाना हाताशी असलेला गोरा माणूस एका एतद्देशीयापुढे रोज मान खाली घालून बसत होता, तो भाषेच्या शिकवणीत. बाकी सगळीकडे तो साहेब, तिथे मात्र कच्चा विद्यार्थी.

कलेक्टरलाही भाषा शिकावी लागे, परंतु त्याची चूक झाकायला कारकून असत. मिशनरी बाजारात एकटा उभा. चुकीचं लिंग वापरलं की पुढची पोरं हसणार. त्यातून दोन लिप्यांचं लचांड. पुस्तकात बाळबोध शिकावी, तर व्यापाऱ्याची वही आणि घरची पत्रं मोडीत. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन १८१३ मध्ये मुंबईत उतरले, ते पंडिताकडे हेच शिकायला बसले. त्यांच्या मिशनने मराठी नवा करार पुरा छापला १८२६ मध्ये. त्याच वर्षी हॉल नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेले. स्कॉटिश मिशनचे पहिले पाद्री डोनाल्ड मिचेल १८२३ मध्ये आले आणि त्याच वर्षी वारले. भाषा यायच्या आत माणूसच जाई, असा तो काळ.

जे तगले त्यांनी शिकलेली मराठी होती तरी कुणाची? शास्त्रीबोवांची. शिकवणारा ब्राह्मण, पुस्तकं पोथ्यांच्या वळणाची, आणि ऐकणारे आंदर मावळातले, पवन मावळातले शेतकरी, त्यांचं बोलणं वेगळं, त्यातले हेल वेगळे. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता झाल्यावर मुंबई-पुण्याच्या वाटेवरचे हे पाद्री खंडाळा, वडगाव, तळेगाव करत जात, तेव्हा त्यांची संस्कृतप्रचुर मराठी ऐकणाऱ्यांना किती कळली असेल, हा प्रश्नच आहे. बरं, ज्यांच्याकडून ती शिकली त्यांनाही ती आवडली नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेत मिशनऱ्यांची जी खिल्ली उडते ती वाचून पाहावी. कुणब्याला न कळणारी आणि शास्त्र्याला न रुचणारी भाषा इतक्या कष्टाने कमावणं, हे नशीब मला तरी करुण वाटतं. श्रेय मात्र शिष्यानेच घेतलं. मोल्सवर्थ हे मिशनरी नव्हेत, लष्करातले, पण १८३१ च्या त्यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या मुखपृष्ठावर मोल्सवर्थ आहेत, कँडी बंधू आहेत. शब्द जमवून देणारे शास्त्री तिथे नाहीत.

शिष्याची खरी परीक्षा १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी झाली. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी पाद्र्यांना जाहीर वादाला घेतलं आणि लोक ऐकायला जमू लागले. कोण जिंकलं याचा निवाडा दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने केला. पण भर सभेत, समोरच्याच्या मातृभाषेत, त्याच्या कोटीला तिथल्या तिथे उत्तर देणं म्हणजे काय असतं, हे परदेशात नोकरीची मुलाखत दिलेल्या कुठल्याही मराठी माणसाने सांगावं.

काहींचं मात्र उलटंच झालं. भाषा शिकता शिकता ते तिच्यातच अडकले. जेम्स मरे मिचेल यांनी तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले. जस्टिन अ‍ॅबट अमेरिकन मराठी मिशनमधून निवृत्त होऊन न्यू जर्सीत राहिले आणि १९२६ पासून मृत्यूपर्यंत महिपतीबुवांची संतचरित्रं इंग्रजीत आणत बसले. गी दलरी हे फ्रेंच जेझुइट वारीत चालले, विठोबाच्या भक्तिसंप्रदायावर त्यांनी ग्रंथ लिहिला. इंदुरीजवळचा भंडारा डोंगर ज्या तुकोबांमुळे तीर्थ झाला, त्यांनी किती पाद्री घडवले किंवा बिघडवले याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. सांगायला आलेले ऐकू लागले. मिशनच्या खातेवहीत हे यश धरलं गेलं नसेल. माझ्या मते धरायला हवं होतं.

तरीही हे ऐकणं छापील संतांचं होतं, जिवंत माणसांचं नव्हे. मावळातल्या बाईचं म्हणणं ऐकायला आणखी एका परक्याला यावं लागलं. गी प्वातव्हँ १९७२ मध्ये फ्रान्सहून पुण्यात आले आणि इथलेच झाले. हेमा राईरकर यांच्याबरोबर ते मावळ, मुळशीच्या डोंगरपट्ट्यात गरीब डोंगरी संघटनेच्या कामात राहिले. पहाटे जात्यावर बसून बाया ज्या ओव्या म्हणतात त्या दोघांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी लिहून घेतल्या, त्यातल्या काही पुढे बर्नार्ड बेल यांच्या मदतीने ध्वनिमुद्रित केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावं. प्वातव्हँ यांना मिशनरी म्हणता येणार नाही. त्यांच्याकडे सांगायला निरोप नव्हता, विचारायला प्रश्न होते. शंभर-दीडशे वर्षं शास्त्र्याकडे शिकवणी लावणाऱ्या परक्याने शेवटी निरक्षर बाईपुढे वही उघडली. तिथे आपले मराठीचे प्राध्यापक आधी का पोचले नाहीत, असा प्रश्न मला पडतो आणि उत्तर सोयीचं नसतं.

आज लोणावळा-खंडाळ्यात परभाषक पुष्कळ आहेत. बंगल्याचे मालक, सुट्टीचे पाहुणे, कैवल्यधामात योग शिकायला येणारे परदेशी. यांतल्या फारच थोड्यांना मराठीवाचून काही अडतं. दोष त्यांना देण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्याशी हिंदीत पहिलं वाक्य आपणच बोलतो. आणि ज्या घरांत जातं गेलं, त्या घरातल्या नातीला आजीची ओवी ठाऊक नाही.

प्वातव्हँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. त्यांनी जमवलेल्या ओव्या आता ‘पारी’ या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येत आहेत, मराठी मजकुरासह आणि फुकट. पुणे जिल्ह्यातल्या वाचकाने तिथे आपल्या तालुक्यातल्या बायांचे आवाज शोधावेत, आणि घरात एखादी ओवी म्हणणारी आजी अजून असेल तर ती या दिवाळीतच मोबाईलवर उतरवून घ्यावी.