97 सेकंद सलग

18 डिसेंबर 2022, रविवार. पुण्यात रात्रीचे दहा वाजून गेले होते. कतारच्या लुसैल मैदानावर फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची ऐंशी मिनिटे होत आली होती, अर्जेंटिना 2-0 ने पुढे होती. तेवढ्यात फ्रान्सच्या एम्बापेने पेनल्टीवर गोल केला आणि 97 सेकंदांत दुसराही. या दोन गोलांच्या मधे टीव्हीवर कुणाला साबण विकता आला नाही की मोटार. मैदानाकडेच्या फलकांवर नावे झळकत होती, पण त्यासाठी खेळ थांबला नाही. फ्रान्सची ती मुसंडी प्रेक्षकांना अखंड पाहायला मिळाली.

जाहिरातींवर राग धरायचे कारण नाही. 22 जानेवारी 1984 च्या सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात रिडली स्कॉटने दिग्दर्शित केलेली अ‍ॅपलची जाहिरात झळकली. रेडर्सनी तो सामना 38-9 असा जिंकला, हे आज किती जणांना आठवते? ती जाहिरात मात्र अजून अभ्यासली जाते. आपल्याकडे 2009 च्या आयपीएलमध्ये व्होडाफोनच्या झूझूंनी घराघरांत असेच वेड लावले.

अमेरिकी फुटबॉल प्रत्येक चालीनंतर थांबतो, क्रिकेट षटकानंतर. त्या फटीत जाहिरात बसली तर तक्रार कसली? पण क्रिकेटने फट मुद्दाम पाडूनही दिली. आयपीएलच्या प्रत्येक डावात अडीच-अडीच मिनिटांचे दोन ‘स्ट्रॅटेजिक टाइमआउट’. 21 मे 2017 ला हैदराबादेत पुण्याचा संघ आयपीएलचा अंतिम सामना एका धावेने हरला. शेवटच्या षटकात 11 धावा हव्या होत्या, पहिल्या चेंडूवर चौकार आला, पुढच्या दोन चेंडूंवर मनोज तिवारी आणि कर्णधार स्टीव्ह स्मिथ बाद झाले. अशा घटकेला जाहिरात न दाखवता प्रेक्षकाला मैदानावरच राहू द्यायला हवे; कर्णधार परतताना त्याचा चेहरा पाहणे हाही सामन्याचाच भाग आहे.

म्हणूनच 2026 च्या विश्वचषकासाठी फिफाने जाहीर केलेला बदल खुपतो. प्रत्येक अर्ध्यात तीन मिनिटे पाणी पिण्यासाठी खेळ थांबवायचा, हवा कशीही असो. रणरणत्या दुपारी खेळाडूंची काळजी घ्यायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. पण गार हवेतही सक्ती कशासाठी? तीन मिनिटे म्हणजे 180 सेकंद; लुसैलला दोन गोलांना त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त वेळ पुरला होता. बालेवाडीत एफसी पुणे सिटीचे सामने पाहिलेल्यांना माहीत आहे की दबावाखाली आलेला संघ असाच एखादा थांबा शोधत असतो. तो नियमानेच हाती दिला, की चढाई करणाऱ्याचा जोर तिथेच मोडतो.