थांबवणाऱ्याचे देणे

पतसंस्थेत भर दुपारी रोकड मोजायची वेळ आली, की रोखपाल खिडकी ओढून घेतो. हातातली व्हाउचरे आधी वहीत चढवतो, मगच मोजायला बसतो. मध्येच कोणी पावती सरकवली, तर शिल्लक जुळत नाही. आणि मोजून झाल्यावर तो खिडकी उघडायला विसरला, तर बाहेर रांग खोळंबते.

चालू सर्व्हरचा बॅकअप घेताना हीच शिस्त लागते. फाइल सिस्टीमने हातातली कामे पुरी करावीत, मेमरीत साठलेले डिस्कवर उतरवावे आणि प्रत होईपर्यंत नवे लिखाण रोखून धरावे. वाचणे मात्र चालू राहते. लिनक्सवर ही सोय आधी एक्सएफएस या फाइल सिस्टीमसाठी होती. 2009 च्या 2.6.29 कर्नलमध्ये लिखाण थांबवणारा एफआयफ्रीझ आणि ते सोडणारा एफआयथॉ हे समाईक आदेश आले आणि ईएक्सटी3, ईएक्सटी4 वापरणाऱ्यांनाही तोच दरवाजा खुला झाला. एका घराची विहीर गावाची झाली. बॅकअपची स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला आता प्रत्येक फाइल सिस्टीमची वेगळी मनधरणी करावी लागत नाही.

पण विहीर समाईक झाली, म्हणून झाकण लावायची जबाबदारी कोणाची हे आपोआप ठरत नाही. एका संस्थेत मी हे पाहिले आहे. बॅकअपच्या स्क्रिप्टने लिखाण रोखले आणि पुढच्याच ओळीवर ती बंद पडली. सकाळी फाइली उघडत होत्या, याद्या दिसत होत्या. पण ‘सेव्ह’ दाबले की पडदा तसाच गोठलेला. प्रोसेस मारून मरेनात. तासाभराने कोणाला तरी लिखाण थांबवणारे-सोडणारे ‘एफएसफ्रीझ’ हे साधन आठवले. एक छोटा आदेश दिला आणि अडलेले सगळे धडाधडा पुढे सरकले. डिस्क शाबूत होती, यंत्रही धड होते. चुकले होते ते थांबवणाऱ्याचे.

विंडोजच्या शॅडो कॉपी व्यवस्थेत अशा थांबवण्याला मुदत आहे: ॲप्लिकेशनने थांबायचे ते फार तर 60 सेकंद, डिस्कवरचे लिखाण रोखायचे ते 10 सेकंद. लिनक्ससाठीही मुदतीचा प्रस्ताव आला होता, तो स्वीकारला गेला नाही. त्यावरचा आक्षेप पोकळ नाही. प्रत अर्धी असताना मुदत संपून लिखाण सुरू झाले, तर ती प्रत बिघडेल आणि कोणाला कळणारही नाही. पण म्हणून बेमुदत कुलूप हा उपाय कसा? मुदत संपली तर प्रत फसली असे स्पष्ट सांगावे आणि काम मोकळे करावे. फसलेली प्रत पुन्हा घेता येते. खोळंबलेल्या माणसांचा दिवस परत मिळत नाही.

दुसऱ्याचे काम रोखण्याचा अधिकार ज्याच्या हाती आला, त्याच्यावर ते सोडण्याचे देणे त्याच क्षणी चढते. हे देणे आज कर्नल आपल्याकडून वसूल करत नाही, तोवर ते आपणच फेडायचे. स्क्रिप्ट लिहायला बसाल, तेव्हा सोडण्याची ओळ आधी लिहा, थांबवण्याची नंतर. आणि स्क्रिप्टच मेली, तर खिडकी उघडायला बाहेर कोण उभे आहे, हेही त्याच वेळी ठरवा.