न काढलेलें छायाचित्र

आंबा, तांब्या, फुलदाणी मेजावर मांडून वस्तुचित्र काढणारा चित्रकार एका दृष्टीनें सुखी असतो. तांब्या हवा तसा फिरवावा, खिडकी लावून प्रकाश मंद करावा. तांब्याची तक्रार नसते. पण समोर माणूस असला म्हणजे हें स्वातंत्र्य कितपत धर्म्य ठरतें?

वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमांत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. गांधीजींचे चुलतनातू कनू गांधी (१९१७–१९८६) यांना घनश्यामदास बिर्लांनीं कॅमेऱ्यासाठीं १०० रुपये दिले. गांधीजींनीं अनुमति दिली, ती तीन अटींवर: झगझगीत कृत्रिम प्रकाश पाडावयाचा नाहीं, 'असे बसा' म्हणावयाचें नाहीं, आश्रमाकडे खर्च मागावयाचा नाहीं. म्हणजे माणसाचा तांब्या करावयाचा नाहीं! कुटींतल्या अंधुक उजेडांत कनूंना क्षणाची वाट पाहावी लागे. परंतु त्यांच्या चित्रांतले गांधीजी आपल्या कामांत असतात. आपल्यासाठीं बसलेले नसतात.

पुढें गांधीजी व कस्तुरबा पुण्याच्या आगाखान महालांत स्थानबद्ध असतां, १९४४ च्या फेब्रुवारींत बांचा अंतकाळ जवळ आला. शुश्रूषेसाठीं कनू तेथें होते. पण त्या क्षणांचें छायाचित्र घेण्यास गांधीजींनीं नकार दिला. कोणी म्हणेल, इतिहासाचें नुकसान झालें. झालें खरें, पण तें भरून काढण्यासाठीं बांचें मरण वापरण्याचा अधिकार आपणांस कोठून आला? मरणोन्मुख माणसाला 'नको' म्हणतां येत नाहीं. म्हणून तें दुसऱ्यानें म्हणावें लागतें. कलावंताची योग्यता त्यानें काढलेल्या चित्रांवरून ठरते, तशीच न काढलेल्यांवरूनहि ठरावी.